एक नाव, तीन सिंदूर : रासायनिक बंध आणि संयुगांचे नामकरण

रसशास्त्राच्या व्यवहारात 'सिंदूर' हे पद किमान तीन निरनिराळ्या द्रव्यांच्या नावांत येते. नुसता सिंदूर म्हणजे मूळचा शेंदूर. हे शिशाचे ऑक्साइड होय. गिरिसिंदूर हे पाऱ्याचे ऑक्साइड मानले जाते. रससिंदूर मात्र पाऱ्याचे सल्फाइड आहे. तिन्ही द्रव्ये तांबडी आणि हाताला जड. नाव वर्णावरून पडले आणि वर्णापुरते ते योग्यही आहे. प्राचीन ग्रंथकारांना यात अडचण नव्हती. द्रव्याची उत्पत्ती, परीक्षा आणि निर्माणविधी ग्रंथात नावासोबतच येत असे आणि शिष्य गुरूच्या देखत द्रव्य सिद्ध करीत असे. आज परिस्थिती पालटली आहे. कच्चे द्रव्य व्यापाऱ्याकडून पुडीत येते, कल्प कारखान्यातून डबीत येतो, आणि आपल्यापुढे उरते ते केवळ नाव.

त्या नावाच्या आत काय आहे हे ओळखण्याचे साधन आधुनिक रसायनशास्त्राने दिले आहे. अणू एकमेकांना कसे बांधलेले आहेत याचा विचार हा त्याचा एक भाग, आणि त्या बांधणीला अनुसरून संयुगाला नाव देण्याची पद्धत हा दुसरा. हे दोन्ही भाग आपण शालेय वयात शिकलो. परंतु खल आणि मुसळी हाती घेताना त्यांची आठवण क्वचितच होते. प्रस्तुत लेखात या विषयाची उजळणी आम्ही आपल्याच कपाटातील द्रव्यांच्या आधारे करीत आहोत.

अणू आणि रेणू : एक भाषिक सावधगिरी

प्रथम परिभाषेविषयी. मराठीत मूलद्रव्याच्या सूक्ष्मतम कणाला 'अणू' आणि अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणाला 'रेणू' म्हणतात. हिंदी ग्रंथांत मात्र पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हणतात. म्हणजे हिंदीतील 'अणु' हा मराठीतील 'रेणू' होय. रसशास्त्रावरील आपली बरीच पाठ्यपुस्तके हिंदीत असल्याने हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. या लेखात मराठी परिभाषाच वापरली आहे.

बंधांचे दोन प्रकार

अणूच्या बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉनांची संख्या पूर्ण व्हावी, या प्रवृत्तीतून बंध निर्माण होतात. ही पूर्तता दोन मार्गांनी होते.

पहिला मार्ग देवघेवीचा. सैंधवामध्ये सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीनचा अणू तो घेतो. देणारा धनप्रभारित होतो, घेणारा ऋणप्रभारित. अशा प्रभारित कणांना आयन म्हणतात आणि त्यांच्या परस्पर आकर्षणाला आयनिक बंध. सैंधवाच्या खड्यात स्वतंत्र रेणू नसतात. सोडियम आणि क्लोरीन यांचे आयन आळीपाळीने सर्व दिशांना रचलेले असतात. ही रचना मोडण्यास फार उष्णता लागते, म्हणून सैंधव सुमारे ८०० अंश सेल्सिअसला वितळते. पाण्यात मात्र ते सहज विरघळते, कारण पाण्याचे रेणू आयनांना वेढून परस्परांपासून दूर करतात. या सुट्या आयनांमुळेच त्या द्रावणातून वीज वाहते.

दुसरा मार्ग भागीदारीचा. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. गंधकाचे आठ अणू अशा बंधांनी जोडले जाऊन एक वलय बनते. वलयातील बंध बळकट असले, तरी एका वलयाचे दुसऱ्याशी आकर्षण दुर्बळ असते. म्हणून गंधक सुमारे ११५ अंशांनाच वितळतो, पाण्यात विरघळत नाही, परंतु तापलेल्या तुपात अंशतः विरघळतो. गंधकशुद्धीत तो तुपात वितळवून दुधात ओतण्याचा जो विधी आहे, तो या गुणधर्मामुळेच शक्य होतो. कापूर हेही सहसंयुज द्रव्य. त्याचे रेणू एकमेकांना इतके सैल धरून असतात की उघडा ठेवलेला कापूर न वितळताच उडून जातो.

आमच्या लोणी काळभोर परिसरात या भेदाची उदाहरणे रस्त्यावरूनही दिसतात. येथील पेट्रोलियमच्या साठवण टाक्यांत असलेले इंधन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची सहसंयुज संयुगे. ते पाण्यात मिसळत नाही आणि विजेचे वहन जवळजवळ करीत नाही. सोलापूर रस्त्याने पुढे जावे तर दोहों बाजूंस ऊस लागतो. त्या उसाची साखरही सहसंयुजच, तरी ती पाण्यात विरघळते. मात्र साखरेच्या पाण्यातून वीज वाहत नाही. तेव्हा 'पाण्यात विरघळले म्हणजे आयनिक' हा नियम पुरता खरा नाही.

एकाच द्रव्यात दोन्ही बंध असू शकतात. नवसागरामध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजन हे आपसांत सहसंयुज बंधांनी जोडलेले असून त्यांचा मिळून अमोनियम आयन बनतो. तो आयन क्लोराइडशी आयनिक बंधाने बांधला जातो. मोरचूद, हिराकस आणि तुरटी यांतील सल्फेटची घडणही अशीच आहे.

आयनिक बंधाची कल्पना वाल्टर कोसेल यांनी आणि सामाईक इलेक्ट्रॉन-जोडीची कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ या एकाच वर्षी मांडली. पुढे लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये दाखविले की हे दोन बंद कप्पे नसून एक सलग श्रेणी आहे. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या शक्तीला, अर्थात विद्युतऋणतेला, त्यांनी अंक दिले. दोन अणूंच्या अंकांतील फरक जितका मोठा, तितका बंध आयनिकतेकडे झुकतो. आपल्या द्रव्यांपुरते पाहिल्यास हा फरक सोडियम-क्लोरीन यांमध्ये सुमारे २.२, पारा-क्लोरीन यांमध्ये १.२, पारा-गंधक यांमध्ये ०.६ आणि आर्सेनिक-गंधक यांमध्ये ०.४ इतका आहे. म्हणजे हिंगूळ आणि हरताळ ही सैंधवाच्या जातीची क्षारद्रव्ये नव्हेत; त्यांचे बंध बहुतांशी सहसंयुज आहेत. ती पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात यामागे या बंधांचा मोठा वाटा आहे.

नामकरणाचे नियम

१७८७ मध्ये लाव्हाझिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुगाचे नाव त्याच्या घटकांवरून द्यावे अशी पद्धत घालून दिली. तत्पूर्वी युरोपातही नावे वर्ण, स्थान किंवा ग्रह यांवरूनच पडत. आजचे मुख्य नियम पुढीलप्रमाणे आहेत.

१. आयनिक संयुगात धन आयनाचे नाव प्रथम आणि ऋण आयनाचे नंतर येते. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असल्यास नावाच्या शेवटी 'आइड' लागते. उदाहरणार्थ, सोडियम क्लोराइड.

२. ऋण आयनात ऑक्सिजनही असल्यास 'आइट' किंवा 'एट' येते. कमी ऑक्सिजन तो 'आइट', अधिक तो 'एट'. सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट ही तीन नावे ऐकण्यास जवळची, परंतु द्रव्ये अत्यंत भिन्न आहेत. लोहाचे सल्फाइड माक्षिक वर्गातील खनिजांत सापडते. लोहाचे सल्फेट म्हणजे हिराकस.

३. एकच धातू दोन संयुजा दाखवीत असेल तर जुन्या पद्धतीत कमी संयुजेला 'अस' आणि अधिक संयुजेला 'इक' हा प्रत्यय लावीत. जसे फेरस आणि फेरिक, मर्क्युरस आणि मर्क्युरिक. १९१९ मध्ये जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी त्याऐवजी धातूच्या नावापुढे कंसात संयुजेचा रोमन आकडा लिहिण्याची पद्धत सुचविली आणि तीच आज प्रमाण आहे. स्टॉक यांना पुढे प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेने दीर्घकालीन विषबाधा झाली आणि १९२६ मध्ये त्यांनी त्या धोक्याविषयी जाहीर इशारा दिला. पारद हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे नाव दोन्ही कारणांसाठी स्मरणात ठेवावे.

४. अधातूंच्या सहसंयुज संयुगांत संयुजेऐवजी अणूंची संख्या सांगतात : मोनो म्हणजे एक, डाय म्हणजे दोन, ट्राय म्हणजे तीन. कोळशाच्या भट्टीत हवा पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड होतो, अपुरी मिळाली तर कार्बन मोनॉक्साइड. नावात फरक एका संख्येचा. परंतु बंद खोलीत भट्टी पेटविणाऱ्या कारागिराच्या प्राणाशी त्याचा संबंध आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. धातू-अधातू संयुगांची नावे आयनिक पद्धतीने देण्याचा प्रघात आहे, मग प्रत्यक्ष बंध कसाही असो. म्हणून नावावरून घटक आणि संयुजा निश्चित कळतात. बंधाचे स्वरूप केवळ अनुमानाने कळते.

रसकर्पूर : प्रत्ययाचे मोल

या सर्व विवेचनाचे महत्त्व एका उदाहरणात एकवटले आहे. पारा आणि क्लोरीन यांची दोन संयुगे आहेत. मर्क्युरस क्लोराइडमध्ये पाऱ्याचे दोन अणू परस्परांशी सहसंयुज बंधाने जोडलेले असून त्या जोडीला क्लोरीनचे दोन अणू लागतात. मर्क्युरिक क्लोराइडमध्ये पाऱ्याच्या एकाच अणूला क्लोरीनचे दोन अणू लागतात. दोन्ही पांढरी, दोन्ही जड, दोन्ही ऊर्ध्वपातनाने मिळणारी. परंतु सामान्य तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात मर्क्युरिक क्लोराइड सुमारे ७ ग्रॅम विरघळते, तर मर्क्युरस क्लोराइड सुमारे ०.२ मिलिग्रॅम. हे अंतर तीस हजार पटींहून अधिक आहे. पहिल्याची ग्रॅमभराच्या आसपासची मात्राही प्राणघातक ठरू शकते.

आता आपली नावे पाहू. सदानंद शर्मा यांच्या 'रसतरंगिणी'त पारद, कासीस आणि सैंधव यांपासून सिद्ध होणाऱ्या द्रव्यास रसपुष्प म्हटले आहे. ते मर्क्युरस क्लोराइड होय. पारदावर गंधकाम्लाची क्रिया करून नंतर सैंधवासह ऊर्ध्वपातन केले असता मिळणाऱ्या द्रव्यास तेथे रसकर्पूर म्हटले आहे. ते मर्क्युरिक क्लोराइड. परंतु 'रसकर्पूर' हे नाव इतरत्र पहिल्या द्रव्यासाठी किंवा दोहोंच्या मिश्रणासाठीही वापरलेले आढळते. एका परंपरेतील मात्रा आणि दुसऱ्या परंपरेतील द्रव्य यांची गाठ पडली तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

दोहोंतील भेद चुन्याच्या निवळीने दिसतो. मर्क्युरस क्लोराइड तिच्या संयोगाने काळे पडते. मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात पुरेशी निवळी घातल्यास पिवळा साका बसतो. रसपुष्पात मर्क्युरिक क्लोराइड मिसळले आहे काय हे पाहण्यासाठी चूर्ण पाण्यात हलवून गाळावे आणि गाळलेल्या पाण्यावर ही परीक्षा करावी. चूर्णावरच निवळी घातल्यास काळा रंग पिवळ्याला झाकून टाकतो. ही परीक्षा प्रयोगशाळेत, हातमोजे घालून आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावी. शिवाय प्रकाशात मर्क्युरस क्लोराइडचे हळूहळू विघटन होऊन पारा आणि मर्क्युरिक क्लोराइड तयार होते; म्हणजे आज शुद्ध असलेले द्रव्य पारदर्शक बाटलीत ठेवल्यास शुद्ध राहीलच असे नाही.

येथे एक गैरसमज टाळावा. अल्पविद्राव्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. पाश्चात्त्य देशांत लहान मुलांना दात येताना देण्याच्या चूर्णांत हेच मर्क्युरस क्लोराइड असे. हातपाय गुलाबी पडून वेदना होणारा एक बालरोग त्यामुळे होतो असे आढळल्यावर १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ती चूर्णे मागे घेतली गेली.

हरताळ आणि सोमल

हरताळ म्हणजे डायआर्सेनिक ट्रायसल्फाइड; सोमल म्हणजे डायआर्सेनिक ट्रायऑक्साइड. घटक आर्सेनिक तेच. केवळ गंधकाच्या जागी ऑक्सिजन आला. परंतु हरताळ पाण्यात अत्यल्प विरघळतो, तर सोमल १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम विरघळते आणि ते तीव्र विष आहे. हरताळ उघड्या हवेत तीव्र तापविला तर गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन उडतो आणि आर्सेनिकचे सोमलात रूपांतर होऊन तेही धुराबरोबर वर जाते. हरताळाच्या पाकात शरावसंपुटाची संधी नीट बुजविण्यावर ग्रंथांचा जो कटाक्ष आहे, त्याचे रासायनिक महत्त्व यावरून स्पष्ट होते. संपुट तडकले तर भट्टीपाशी बसलेला मनुष्य सोमलाचा धूर घेतो.

कज्जली आणि हिशेब

नामकरणासोबत अणुभारांचा हिशेबही येतो. पाऱ्याचा अणुभार सुमारे २००.६ आणि गंधकाचा ३२.१. त्यामुळे १०० ग्रॅम पाऱ्याचे संपूर्ण सल्फाइड होण्यास केवळ १६ ग्रॅम गंधक लागतो. समगुण कज्जलीत १०० ग्रॅम गंधक असतो. म्हणजे मर्दन पूर्ण झाले तरी सुमारे ८४ ग्रॅम गंधक सुटाच राहतो. उलट मर्दन अपुरे असेल तर भरपूर गंधक असूनही काही पारा मुक्त राहतो. निश्चंद्रत्व ही परीक्षा डोळ्यांना दिसणारा पारा नाही एवढे सांगते. अदृश्य कण उरले की नाही याचे उत्तर उपकरणच देऊ शकते. कज्जलीतील काळे सल्फाइड आणि रससिंदूरातील तांबडे सल्फाइड यांचे घटक, प्रमाण आणि रासायनिक नाव एकच. स्फटिकांची रचना मात्र निराळी. येथे मात्र आपली पारंपरिक नावे रासायनिक नावाहून अधिक सांगतात.

स्फटिकजल : नावातील शेवटचा शब्द

अनेक क्षार आपल्या स्फटिकात ठराविक पाणी धरून ठेवतात आणि नावाच्या शेवटी त्याची संख्या येते. टाकणखारात पाण्याचे दहा रेणू, तुरटीत बारा, हिराकसात सात, मोरचुदात पाच. वजनाने हे पाणी टाकणखारात सुमारे ४७ टक्के, तुरटीत ४६, हिराकसात ४५ आणि मोरचुदात ३६ टक्के भरते. टाकणखाराची लाही करताना हेच पाणी निघून जाते. पूर्ण निर्जल झाल्यास १०० ग्रॅमचे सुमारे ५३ ग्रॅम उरतात. अर्थात तेवढ्याच वजनाच्या लाहीत मूळ क्षार जवळजवळ दुप्पट असतो. योगात कच्चे द्रव्य धरले आहे की लाही, हे नोंदीत नसेल तर दोन घाण्यांतील औषध एकसारखे निघणार नाही.

शंखभस्माचेही असेच. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ८५० ते ९०० अंशांपलीकडे तो कार्बन डायऑक्साइड सोडून कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना होऊ लागतो. जिभेला चटका देणारे भस्म आणि न देणारे भस्म यांत हा फरक असू शकतो. डबीवर नाव मात्र एकच.

अहवाल वाचताना

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यावर आपल्याकडून सर्वसाधारण उत्तर दिले गेले की भस्म म्हणजे धातू नव्हे. हे विधान रसायनदृष्ट्या खरे आहे, परंतु अपुरे आहे. धातू नाही तर कोणते संयुग आहे, त्याची संयुजा कोणती, मुक्त अंश किती, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही. आणि ते सांगितल्यावरही सुरक्षिततेचा पुरावा स्वतंत्रपणे द्यावाच लागतो.

प्रयोगशाळेचे नेहमीचे जड धातू परीक्षण नमुना आम्लात विरघळवून एकूण मूलद्रव्य मोजते. त्यात बंध तुटतात आणि संयुगाची ओळख पुसली जाते. स्फटिकरूप संयुग ओळखण्यासाठी क्ष-किरण विवर्तन ही वेगळी परीक्षा करावी लागते. 'पारा किती' आणि 'पाऱ्याचे काय' हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे दोन अहवालांतून मिळतात.

औषधनिर्मितीसाठी सूचना

१. कच्च्या मालाच्या नोंदवहीत संस्कृत नाव, बाजारातील नाव आणि संयुजेसह रासायनिक नाव असे तीन रकाने ठेवावेत. 'सिंदूर' किंवा 'रसकर्पूर' एवढीच नोंद करू नये.

२. पारद, हिंगूळ, रसकर्पूर, गौरीपाषाण, हरताळ, मनःशिला, तुत्थ, सिंदूर आणि गिरिसिंदूर ही औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ई (१) मधील खनिज द्रव्ये आहेत. ती असलेल्या आभ्यंतर औषधांवर नियम १६१ प्रमाणे वैद्यकीय देखरेखीचा इशारा इंग्रजी आणि हिंदीत छापणे बंधनकारक आहे.

३. पाऱ्याचे क्लोराइड कोणत्याही नावाने आले असो, मर्क्युरस की मर्क्युरिक हे परीक्षण-अहवालाने सिद्ध झाल्याखेरीज कोठारात घेऊ नये. ते गडद रंगाच्या बाटलीत ठेवावे.

४. टाकणखार, तुरटी, हिराकस आणि मोरचूद यांच्या प्रत्येक घाण्याचे तापविण्यापूर्वीचे आणि नंतरचे वजन नोंदवावे. त्यावरून किती स्फटिकजल गेले ते कळते.

५. हरताळ, मनःशिला आणि पारद यांचे अग्निसंस्कार धूर ओढून घेणारी योग्य व्यवस्था असल्याखेरीज करू नयेत.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट सिद्ध केले आणि १९०२ व १९०९ मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले. रसग्रंथ आणि प्रयोगशाळा ही त्यांना परस्परविरोधी वाटली नाहीत. आपल्या नावांना इतिहास आहे, निर्माणविधीची स्मृती आहे. ती सोडण्याचे कारण नाही. मात्र रुग्णाच्या हाती पुडी देताना तिच्यात कोणते संयुग आहे हे एका निःसंदिग्ध शब्दात सांगता आले पाहिजे. पारंपरिक नावाशेजारी रासायनिक नाव लिहिण्यास एका ओळीहून अधिक जागा लागत नाही. इत्यलम्.